गाणं थांबलं की भोवळ येते

पत्र लांब आहे, थोडं छाटून देते.

"डॉक्टर, मी ४८ वर्षांची, डोंबिवलीला राहते. आठ महिन्यांपासून सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये सकाळी सव्वासहाच्या झुंबाला जाते. वजन ७२ होतं, आता ६५ आहे. बीपीची गोळी चार वर्षं चालू आहे, टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५. शुगर नाही. पाचला उठते, डबे करते, अर्धा कप चहा आणि गोळी घेऊन खाली उतरते. रात्री आठनंतर काही खात नाही. गेल्या महिन्यात तीनदा चक्कर आली. पहिल्यांदा एक फास्ट गाणं संपलं, बाटली घ्यायला वळले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. दुसऱ्यांदा मॅटवरचे व्यायाम झाल्यावर उठताना. तिसऱ्यांदा आषाढीच्या दुसऱ्या दिवशी, उपास सोडायच्या आधीच क्लासला गेले होते. त्या वेळी आवाज लांब गेले, घाम फुटला, मी खालीच बसले. सर ओरडले, 'आंटी, रुकना नहीं!' मागे कुणी तरी हसलं. गाणं चालू असेपर्यंत मला काही होत नाही. शेजारीण म्हणते सर्व्हायकल. केमिस्टने चक्करची गोळी दिली, पाकिटावर प्रोक्लोरपेराझिन लिहिलंय. मिस्टर म्हणतात, हे नाच बंद कर. हार्टचं काही असेल का? पाळी आता अनियमित आहे, आली की दहा-दहा दिवस जाते. सोसायटीच्या कॅम्पमध्ये बीपी ११८/७६ निघालं, म्हणजे बीपी तर चांगलं आहे. क्लास सोडू का? तीन महिन्यांची फी भरलीय." — घामाघूम, डोंबिवली

ताई, तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली. तुम्ही ती सहज लिहून पुढे गेलात. 'गाणं चालू असेपर्यंत मला काही होत नाही.' दवाखान्यात पेशंटच्या तोंडून अशी ओळ काढायला मला दहा मिनिटं लागतात.

आपण 'चक्कर' हा शब्द फार सैल वापरतो. खरं तर आपल्या भाषेत यासाठी शब्दांची चंगळ आहे: गरगरणं, भोवळ, घेरी, झीट, अंधारी, तोल जाणं. आजी-पणजी हे शब्द नेमके वापरायच्या, आपण सगळ्यांची मिळून एक चक्कर करून टाकली. दवाखान्यात कुणी 'चक्कर येते' म्हणालं की मी पहिलं विचारते, खोली फिरते की डोळ्यांपुढे काळं होतं? खोली फिरत असेल, अंथरुणात कुशीवर वळताना किंवा वर फळीकडे बघताना पंखा, भिंत, सगळं गरगर फिरून मिनिटाच्या आत थांबत असेल, तर माझं लक्ष कानाकडे जातं. आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक कण असतात. ते जागचे सुटून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की असं होतं. डोकं ठरावीक पद्धतीने फिरवून ते कण जागी नेता येतात, बऱ्याचदा एका बैठकीत. चालताना झोकांड्या जात असतील तर तो तिसराच विषय, त्यात पायांच्या नसांपासून सुरुवात करावी लागते.

तुमचं यातलं काहीच नाही. अंधारी, आवाज लांब जाणं, गार घाम, खाली बसल्यावर बरं वाटणं. ही भोवळ आहे, म्हणजे मेंदूकडे काही क्षण रक्त कमी पोचलं. आता प्रश्न उरतो, का कमी पोचलं, आणि गाणं थांबल्यावरच का.

शाळेतलं १५ ऑगस्टचं झेंडावंदन आठवा. पाहुण्यांचं भाषण लांबतं, ऊन चढतं, आणि रांगेतलं एखादं पोर धाडकन खाली पडतं. सगळे म्हणतात, सकाळी काही खाल्लं नसेल. बऱ्याचदा खाल्लेलं असतं. पडायचं कारण वेगळंच, पोर सावधानमध्ये गुडघे ताठ करून उभं असतं. उभं राहिलं की माणसाचं अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पोटाच्या खाली, पायांकडे उतरतं. ते वर ढकलायचं काम पोटऱ्या करतात. पोटरी आवळली की शिरा पिळल्या जातात, शिरांतल्या झडपा रक्ताला मागे जाऊ देत नाहीत, ते वरच सरकतं. पोटरीला दुसरं हृदय म्हणतात ते यासाठी. पोर हललंच नाही तर हा पंप बंद. आमचे पीटीचे सर भाषण चालू असताना रांगेतून फिरत हळूच म्हणायचे, 'बुटात अंगठे हलवा रे.' त्यांना शरीरशास्त्र किती येत होतं कोण जाणे, पण उपाय अचूक होता.

आता तुमचा क्लास. जोरात नाचताना पायांतल्या रक्तवाहिन्या सैल होऊन रुंदावतात. निवांत बसलेल्या माणसाच्या स्नायूंना हृदयातल्या रक्ताचा पाचवा हिस्सासुद्धा मिळत नाही, जोरदार व्यायामात तेच स्नायू तीन चतुर्थांशाहून अधिक रक्त ओढून घेतात. नाच चालू आहे तोवर पोटऱ्या ते रक्त दणादण वर पाठवतात, म्हणून तुम्हाला काही होत नाही. गाणं थांबतं, तुम्ही बाटलीकडे वळता, पाय थांबतात. पंप बंद झाला, पण रुंदावलेल्या वाहिन्या लगेच आकसत नाहीत. रक्त खाली साठतं, प्रेशर उतरतं, अंधारी. हे धडधाकट पंचविशीच्या मुलालासुद्धा होऊ शकतं. म्हणून शेवटची पाचेक मिनिटं संथ चालायची असतात. तुमच्या क्लासमध्ये ती होतात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मला वाटतं होत नसावीत. सातची बॅच दाराशी चपला काढून उभी असते, आणि कुऱ्हाड कूल-डाउनवरच पडते. सगळीकडे हेच चालतं.

पण मग हे पहिले सात महिने का झालं नाही? तेव्हाही गाणी संपतच होती.

मला वाटतं याचं उत्तर तुमच्या वजनकाट्यावर आहे. तुम्ही सात किलो उतरवलेत. वजन उतरलं की प्रेशरही उतरतं, ढोबळ हिशेबाने किलोमागे वरचा आकडा एकाने. त्यात नियमित व्यायामाची भर. गोळी मात्र चार वर्षांपूर्वीच्या ७२ किलोच्या बाईंसाठी लिहिलेली आहे. मापाने शिवलेलं ब्लाउज वजन उतरल्यावर खांद्यावरून ओघळतं, तसं हे. शिवाय त्या गोळीत दोन औषधं आहेत आणि दुसरं लघवी वाढवणारं आहे. ते घेतल्यावर साधारण दोन तासांत शरीरातलं पाणी आणि मीठ बाहेर जायला लागतं. तुम्ही साडेपाचच्या सुमाराला ती घेता, सव्वासहाला नाचायला लागता आणि पावसाळी दमट हवेत घाम गाळता. म्हणजे एकाच वेळी दोन नळ उघडे, आणि आत आलाय अर्धा कप चहा. एकादशीला दिवसभर पाणीही बेताचंच प्यायला असाल, म्हणून दुसऱ्या दिवशीचा प्रसंग सगळ्यांत जोरात झाला.

११८/७६ निघालं म्हणून तुम्ही निर्धास्त झालात. तो आकडा खुर्चीत बसून घेतलेला आहे. खुर्चीत बसून तुम्हाला चक्कर येतच नाही. आम्हाला हवा असतो उभं राहिल्यानंतरचा आकडा. घरी मशीन असेल तर (नसेल तर कुणाकडून आठवड्यासाठी आणा, प्रत्येक मजल्यावर एक तरी धूळ खात असतं) असं करा. मिस्टरांना शेजारी उभं करा. पाच मिनिटं आडव्या पडा, मग पडूनच प्रेशर घ्या. मग उठून उभ्या राहा, एका मिनिटाने घ्या, तीन मिनिटांनी परत घ्या. दंडावरचा पट्टा काढू नका, हात हृदयाच्या उंचीवर टेबलावर टेकलेला असू दे. वरचा आकडा २० किंवा खालचा १० उतरला, तर आपल्याला चोर सापडला. उभं राहिल्यावर अंधारी आली तर आकड्याची वाट बघू नका, लगेच बसा. हे एकदा सकाळी गोळीच्या आधी, एकदा गोळीनंतर तासा-दीड तासाने आणि एकदा संध्याकाळी, असे तीन दिवस. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिलेलं चालेल, आम्हाला सुंदर अक्षर लागत नाही.

तो कागद घेऊन गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे जा. वजन सात किलो उतरलंय आणि नवी सवय म्हणून सकाळी सव्वासहाला व्यायाम असतो, हे आवर्जून सांगा. त्यांना हे माहीतच नसणार, तुम्ही चार वर्षं जुन्या चिठ्ठीवर गोळ्या आणताय. ते कदाचित लघवीचं औषध काढतील, कदाचित वेळ बदलतील, कदाचित काहीच बदलणार नाहीत. मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे ते मी इथून सांगणार नाही. आणि माझं हे वाचून उद्यापासून गोळी बंद करू नका. गोळी परस्पर सोडून सहा महिन्यांनी अर्धांगवायू घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत.

केमिस्टने दिलेली गोळी मात्र आजच बाजूला ठेवा. प्रोक्लोरपेराझिन मळमळीवर आणि कानाच्या गरगरण्यावर थोडे दिवस देतात. तुमच्या भोवळीवर तिचा उपयोग नाही, उलट उभं राहिल्यावर प्रेशर उतरणं हा तिचा स्वतःचाच एक दुष्परिणाम आहे. आगीवर रॉकेल म्हणतात ते हेच.

सर्व्हायकलबद्दल दोन शब्द, कारण तुमची शेजारीण एकटी नाही. महाराष्ट्रात चक्कर आली की मानेचा एक्स-रे काढायचा हा जवळजवळ कुलाचार झालाय. पन्नाशीच्या आसपास कुणाच्याही मानेचा एक्स-रे काढा, मणक्यांची थोडीफार झीज दिसतेच, चक्कर असो वा नसो. मग गळ्यात पट्टा येतो, माणूस चार महिने उशी बदलत बसतो. तुमची भोवळ मान वळवल्यावर येत नाही, थांबल्यावर आणि उठल्यावर येते. मानेला सध्या त्रास देऊ नका.

पाळीचं तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंत, मी ते वर आणते. दहा-दहा दिवस अंगावरून जात असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) या दोन तपासण्या या आठवड्यात करा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, म्हणजे हे दुर्मीळ अजिबात नाही. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर आधीच पातळ झालेल्या रक्तावर तुम्ही झुंबाचा भार टाकताय. जिन्याने धाप लागते का, छाती धडधडते का, बर्फ किंवा माती खावीशी वाटते का, तेही आठवून बघा. आणि फक्त लोहाच्या गोळ्या घेऊन थांबू नका. या वयात एवढं का जातंय हे स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. 'पाळी जायची वेळ आली, असं होतंच' म्हणून बायका वर्षं काढतात.

आता हार्ट. तुम्हाला खरं विचारायचं होतं ते हेच, तरी मिस्टरांच्या आणि क्लासच्या मधे दडवून लिहिलंत. व्यायाम थांबल्यावर येणारी भोवळ आणि व्यायाम ऐन रंगात असताना येणारी भोवळ, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिली बहुतेक वेळा पाण्याची, प्रेशरची, पोटऱ्यांची असते. दुसरी, म्हणजे उड्या चालू असतानाच डोळ्यांपुढे काळं होणं किंवा शुद्ध जाणं, ही हृदयाची झडप, ठोक्यांची लय किंवा रक्तवाहिन्या तपासल्याशिवाय सोडायची नसते. तसं एकदा जरी झालं तरी तपासणी होईपर्यंत क्लास पूर्ण बंद. छातीवर दाब, जबडा-हात-पाठ भरून येणं, ठोका चुकल्यासारखी धडधड, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं, यांतलं काही असेल तरी तेच. तोंड वाकडं होणं, जीभ जड होणं, एका बाजूचा हात पडणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं, यात तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, १०८. तुमच्या पत्रात यातलं काही नाही. तरी वय ४८, बीपी चार वर्षांचं, तेव्हा डॉक्टर स्टेथोस्कोप लावतील आणि एक ईसीजी काढतील. पुढची तपासणी लागते का ते ते ठरवतील. पॅकेज आहे म्हणून बावीस चाचण्या करून येऊ नका.

मिस्टरांना सांगा, 'नाच' बंद करायची गरज मला दिसत नाही. आठ महिन्यांत सात किलो उतरवणारी गोष्ट मी कुणाला सोडायला सांगणार नाही. पण डॉक्टरांकडे जाऊन येईपर्यंत झुंबाला सुट्टी, तेवढे दिवस सोसायटीच्या आवारात सपाट चाला.

परत सुरू कराल तेव्हा काही गोष्टी बदला. खाली उतरायच्या अर्धा तास आधी मोठा ग्लासभर पाणी. अर्धं केळं किंवा दोन खजूर, नाहीतर राजगिऱ्याचा छोटा लाडू. याने वजन वाढत नाही, त्याची धास्ती नको. तुम्हाला शुगर नाही, त्यामुळे 'शुगर लो झाली असेल' असं क्लासमधल्या मैत्रिणी म्हणत असतील तर ते निदान बहुधा चुकीचं आहे, निरोगी यकृत रात्रभर साखर पुरवतं. पण पोटात थोडं काही असलं की व्यायाम सोसतो हे मी स्वतःवर पाहिलंय. (ज्या वाचकांना मधुमेह आहे आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांचं गणित वेगळं. त्यांनी चक्कर आली तर आधी साखर मोजावी. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी परत मोजावी.) मीठ घालून लिंबू सरबत मात्र रोजचं करू नका, बीपी आहे तुम्हाला. उपासाच्या दुसऱ्या दिवशी क्लास बुडवा, नाहीतर पारणं करून संध्याकाळी चाला. विठोबा समजून घेईल.

गाणं संपलं की जागेवर पावलं टाकत राहा, बाटलीकडेसुद्धा चालतच जा, पुतळा होऊ नका. मॅटवरून उठताना आधी कुशीवर, मग बसून चार-पाच श्वास, मग एक गुडघा टेकून, मग उभं. प्लँक करताना दम कोंडू नका, मोठ्याने आकडे मोजा म्हणजे आपोआप सुटतो. आवाजाची तक्रार नको म्हणून तुमच्याकडे खिडक्या लावत असतील तर एक तरी उघडायला लावा. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता वाहतो, अंग थंड होतच नाही. आणि पहिल्या रांगेत आरशासमोर उभ्या राहत असाल तर आता मागे, भिंतीजवळ या. अंधारी यायला लागली असं वाटलं की पायावर पाय घालून मांड्या आणि पोटऱ्या गच्च आवळा, मुठी वळा. दहा-पंधरा सेकंदांत प्रेशर थोडं वर सरकतं आणि खाली बसायला वेळ मिळतो. मग बसाच, नाहीतर सरळ आडव्या पडा.

तिसऱ्या वेळी तुम्ही तेच केलंत. अगदी बरोबर केलंत. हसणारीला हसू दे. एकट्या चालत असता तर पहिल्या अंधारीलाच कट्ट्यावर टेकला असता. वीस जणींच्या रांगेत मात्र माणूस शेवटच्या क्षणापर्यंत ताणतो, कारण थांबलं की दिसतं. त्या लाजेपायी माणसं उभ्यानं पडतात आणि डोकं फोडून घेतात. तुमच्या सरांशी क्लासच्या आधी, एकटं गाठून बोला. वय चोवीस-पंचवीस असेल, मनात काही नसतं त्यांच्या, त्यांना 'थांबू नका' एवढंच शिकवलेलं असतं. सांगा, 'मला बीपीची गोळी आहे. मी मधे नुसती चालेन, मला हाक मारायची नाही. आणि शेवटचं गाणं संथ लावा.' ही शेवटची मागणी तुमच्या एकटीसाठी नाही.

त्यांना आणखी एक सांगा, कुणी भोवळून पडलंच तर काय करायचं ते. धरून उभं करायचं नाही, खुर्चीत बसवायचं नाही. सपाट निजवून पाय खुर्चीवर ठेवायचे. कांदा, चप्पल काही हुंगवायची नाही, आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी घालायचं नाही. साध्या भोवळीत माणूस मिनिटाभरात डोळे उघडतो. उघडत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर एकीने १०८ लावायचा आणि दुसरीने छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी जोरात दाबायला लागायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, गाडी येईपर्यंत.

फीचं म्हणाल तर डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून पंधरा दिवस पुढे ढकलून मागा, बहुतेक जण देतात. नाही दिले तर त्या पंधरा दिवसांत सातच्या बॅचआधी हॉलच्या कडेने चालायची परवानगी मागा. प्रेशरचे आकडे आणि हिमोग्लोबिन मला कळवा, गोळीचं काय ठरलं तेही.